फोटोतल्या बाळाकडे पाहिलंत का?

पत्राचा सारांश (नाव-गाव गाळून)

पत्रलेखिका 36 वर्षांच्या, ठाण्यात राहतात. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात. गावचं घर दुरुस्तीला काढलं तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्यांना स्टुडिओत काढलेला एक फोटो मिळाला. कोट-टोपीतले तरुण आजोबा उभे, शेजारी खुर्चीत नऊवारीतली बाई, तिच्या मांडीवर लहान मूल. मागे पेन्सिलीनं ‘लालबाग 1953’. ती बाई म्हणजे आजी नव्हे. आजोबा गिरणीत होते, 1994 साली वारले. आजी 88 वर्षांच्या आहेत, गावी असतात, अलीकडे विसरू लागल्या आहेत. बाबा (66) म्हणाले, ‘होता तिथे ठेव, आईला विचारू नकोस.’ मोठ्या आत्या (74) ‘नसत्या चौकशा कशाला?’ म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यातच भाच्यानं फोटो अ‍ॅपवर रंगीत केला, बाईच्या पापण्या हलतील असा व्हिडिओ बनवला आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. बाबांनी तो काढायला लावला. गणपतीला सगळे जमतील तेव्हा दाखवायला लेखिकेनं वंशवेल आणि अल्बम करायला घेतला आहे. त्यांचा प्रश्न: ‘आजीकडे वेळ थोडा आहे. आजोबांचं दुसरं घर होतं का, हे कळण्याचा मला हक्क नाही का? आजीला विचारू की गप्प बसू?’

उत्तर

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या दोन्ही वेळा माझंही लक्ष त्या बाईकडेच होतं, कारण तुम्ही तिच्याबद्दल पानभर लिहिलंय. तिची नथ, खांद्यावरचा पदर, बाळाचा पाय तिनं ‘घाबरल्यासारखा’ घट्ट धरलाय ते. बाळाबद्दल मात्र एकच अर्धं वाक्य आहे: ‘मांडीवर कुणाचं तरी वर्ष-दीड वर्षाचं मूल.’ तिसऱ्या वाचनात मी तिथे थांबले.

तुमच्या आजींची एक आठवण तुम्ही ओघात लिहिली आहे. ‘हळद उतरली नव्हती तोवर लालबागला गोळीबार बघितला. चाळीच्या जिन्यात आम्ही सगळ्या बाया रात्रभर बसून.’ मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवायची घोषणा 16 जानेवारी 1956 ला झाली आणि पुढचे काही दिवस गिरणगाव पेटलं, गोळीबार झाले. त्याआधी 21 नोव्हेंबर 1955 लाही फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या होत्या. म्हणजे आजी लग्न होऊन लालबागला आल्या त्या 1955 च्या शेवटी. आत्यांचं वय तुम्ही 74 लिहिलंय. वजाबाकी करून बघा. लग्न झालं तेव्हा आत्या चालत्या-बोलत्या होत्या, आणि 1953 साली त्या वर्ष-दीड वर्षाच्याच असणार.

हे वाचून तुम्हाला धक्का बसला असेल. म्हणूनच हे उत्तर आधी तुम्हाला पाठवलं आणि तुमचा होकार आल्यावरच छापायला दिलं. आणि हा अंदाज आहे, हे मी पुन्हा सांगते. आपल्याकडे त्या पिढीतल्या माणसांचं कागदावरचं वय कितीदा तरी मास्तरांनी ठरवलेलं असतं. शाळेत घालताना 1 जून लिहून मोकळे. गावोगावच्या कितीतरी आजोबा-आजींचा वाढदिवस 1 जूनला येतो तो यामुळे. पण मास्तरांच्या हातून वर्ष-दोन वर्षं इकडची तिकडे होतात, चार-पाच सहसा होत नाहीत. शिवाय ही बाई आजोबांची बायकोच असेल असंही नाही. बहीण असेल, वहिनी असेल. औषधपाण्याला म्हणून मुंबईला आलेली नात्यातली बाई परत गावी जाण्याआधी स्टुडिओत बसायची आणि तो फोटो पोस्टानं घरी जायचा, असंही पुष्कळ व्हायचं.

तरीही तुमच्या प्रश्नातला ‘दुसरं घर’ हा शब्द मला जरा खाली ठेवायला सांगायचाय. मुंबई प्रांतात पहिली बायको असताना दुसरं लग्न करायला हिंदूंना 1946 पासूनच कायद्यानं बंदी होती. कायदा होता म्हणून कुणी तसं केलंच नाही असं मी म्हणणार नाही. पण तरुण माणूस, मांडीवरचं मूल, आणि दोन-अडीच वर्षांनी त्याच माणसाचं लग्न, हा क्रम दिसला की त्या काळाची माहिती असलेल्या कुणाच्याही मनात आधी बाळंतपण, क्षय, विषमज्वर येतात. घरोघरी हे घडत होतं. पहिली गेली, पोर लहान आहे, वर्षाच्या आत दुसरी करा, असं वडीलधारी माणसंच सांगायची.

आता तुमच्या पत्रातली दुसरी ओळ. आजी किती कर्मठ आहेत हे सांगताना तुम्ही लिहिलंय, की 88 व्या वर्षीही पितृपक्षातल्या नवमीला सवाष्ण जेवायला घातल्याशिवाय त्या तोंडात पाणी घेत नाहीत; तिला खण देतात, हिरव्या बांगड्या देतात. भाद्रपद वद्य नवमी ही अविधवा नवमी. नवरा हयात असताना गेलेल्या बाईची ती तिथी. त्या दिवशी तुमच्या घरात कुणाच्या नावानं पान वाढतात? कदाचित आजींच्या सासूबाई सवाष्ण गेल्या असतील, तर त्यांच्या नावानं. पण काही घरांत पहिल्या बायकोसाठी दुसरी बायको ही नवमी करते, आणि नवरा गेला की ती बंद करायचीही रीत आहे. तुमचे आजोबा जाऊन तीस वर्षं झाली. आजींनी नवमी सोडलेली नाही.

तुम्ही लिहिलंय की या घरानं त्या बाईला ‘पुसून टाकलं’. मला तसं वाटत नाही. तिचं नाव कुणी घेत नसेल, पण दर भाद्रपदात तिला कुणीतरी जेवू घालतंय, असं मला तुमच्याच पत्रातून दिसतंय.

आणि माझा अंदाज बरोबर असेल तर आजींच्या गप्प राहण्याचा अर्थही वेगळा लागतो. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी लग्न करून येते, चार वर्षांची पोर तिच्या पदरात पडते, आणि ती पोर अशी वाढवते की पुढच्या दोन पिढ्यांत कुणाच्या मनात शंकाही येत नाही. ‘सावत्र’ हा शब्द त्या बाईनं सत्तर वर्षं उंबऱ्याच्या आत येऊ दिलेला नाही. तो शब्द तुमच्या प्रश्नामुळे आत येईल, ही भीती तिला असेल तर ती खोटी नाही.

तुम्ही हक्काचं विचारलंत. घराण्याचा इतिहास सगळ्यांचा असतो, तुमचाही आहे. पण या एका फोटोवर पहिला हक्क त्यातल्या बाळाचा आहे. ते बाळ आत्या असतील, तर ‘नसत्या चौकशा’ म्हणून फोन ठेवणारी व्यक्ती 74 वर्षांची लेक आहे आणि तिच्या आईच्या पापण्या भाच्याच्या व्हिडिओत हलताना तिनं नुकत्याच बघितल्या आहेत.

इथे मला माझ्या आईचं सांगू द्या. ती सहा वर्षांची असताना तिची आई गेली. पुण्यात नदीकाठच्या पेठेत तिचं माहेर. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा त्या घरातलं होतं नव्हतं ते गेलं, फोटो तर सगळेच. आईला तिच्या आईचा चेहरा आठवत नव्हता. ती म्हणायची, आवाज आठवतो, चेहरा नाही. 1983 मध्ये मिरजेला मावशीकडे एका तसबिरीची काच फुटली. नवी काच घालायला चौकट उघडली तर देवाच्या चित्रामागे पुठ्ठ्याऐवजी एक जुना फोटो घातलेला. मावशीनं तो वहीच्या पानात गुंडाळून पाठवला. मी तेव्हा कॉलेजात होते. आई खिडकीशी गेली, फोटो उजेडाकडे तिरका धरला, आणि बराच वेळ कानावर अंगठा ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, ‘या कुड्या माझ्याकडे आहेत.’ बस, एवढंच. आई तेव्हा पन्नाशीची होती आणि फोटोतली तिची आई सव्वीस वर्षांची. रात्री ती मला म्हणाली, ‘किती लहान होती गं ती.’

तो फोटो तिच्या हातात, एकटीच्या हातात, खिडकीशी आला म्हणून ते झालं. चारचौघांत आला असता तर तिनं ‘हो का, बरं’ म्हणून बाजूला ठेवला असता, हे मला पक्कं माहीत आहे.

म्हणून गणपतीत हा फोटो दाखवू नका. अल्बम करा, वंशवेल करा, पण यातून हा एक फोटो वगळा. आरतीला जमलेल्या चाळीस माणसांसमोर कुणालाही आईचा चेहरा पहिल्यांदा, किंवा सत्तर वर्षांनी, बघायला लावू नये.

सुरुवात बाबांपासून करा. त्यांना ‘ही कोण’ विचारू नका. एवढंच विचारा: ‘बाबा, तुम्हाला काळजी आजीची वाटते की आत्याची?’ उत्तर मिळो न मिळो, त्यांच्या चेहऱ्यावरून तुम्हाला पुष्कळ कळेल. त्यांनी ‘आत्याची’ म्हटलं, तर पुढचं पाऊल त्यांना बरोबर घेऊनच टाका.

मग आत्या. गणपतीच्या आधी, गर्दी व्हायच्या आत, एकट्या त्यांच्याकडे जा. व्हिडिओबद्दल माफी मागा. तो तुम्ही टाकला नसलात तरी फोटो तुमच्याकडूनच गेला होता. त्यांना सांगा, मूळ फोटो माझ्याकडे नीट आहे, त्याची एक चांगली प्रत तुमच्यासाठी काढली आहे, हवी तेव्हा मागा. प्रश्न विचारू नका. त्या ‘नको’ म्हणाल्या तर नको. आईबद्दल बोलायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं आणि आपण मान्य करायचं, मग आपली वंशवेल अपुरी राहिली तरी चालेल. खरं तर राहतही नाही: आत्यांचं नाव आजोबांच्या नावाखाली आहेच, तेवढी रेघ पुरते.

‘वेळ थोडा आहे’ हे तुमचं म्हणणं मात्र मी अजिबात खोडून काढणार नाही. आजी गेल्या तर त्या बाईचं नाव, माहेर, गाव सगळं जाईल. लग्नात मुलीचं नाव बदलण्याच्या आपल्या रीतीमुळे बायकांचा माग काढणं तसंही कठीण; सासरच्या कागदावर एक नाव, माहेरच्या तोंडी दुसरंच. म्हणून आजींशी बोला, याच महिन्यात बोला. फक्त हा फोटो मध्ये ठेवून नको. त्यांच्याच आयुष्याबद्दल विचारा. चाळीत नळ कुठे होता? एका खोलीत किती माणसं निजायची? खानावळीतले गडी जेवायला कधी यायचे? लग्नात उखाणा कोणता घेतला? लग्नाआधीचं नाव काय होतं, आणि ते नाव घेऊन शेवटची हाक कुणी मारली? विसरू लागलेल्या माणसाला बहुतेकदा कालचं जेवण आठवत नाही, पण साठ वर्षांपूर्वीचा जिना आठवतो. तांदूळ निवडताना, शेंगा सोलताना बसा, कारण हात चालू असले की तोंड सैल होतं. फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर सांगून करा. अर्ध्या तासात उठा. साल चुकलं तर दुरुस्त करू नका. त्या बोलता बोलता आपणहून तिच्यापर्यंत आल्या, तर ऐका, मध्ये ‘मग?’ सुद्धा म्हणू नका.

साल विचारून कुणालाच सांगता येत नाही, हे अशी चौकशी करणाऱ्या सगळ्यांनीच ध्यानात ठेवावं. घटना विचाराव्यात. मुंबईकर म्हाताऱ्यांना 14 एप्रिल 1944 चा गोदीतला स्फोट आठवतो. कोकण-साताऱ्याकडे 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप. ‘भूकंपाच्या वेळी बाबा कितवीत होते?’ विचारलं की लगेच उत्तर येतं. देशावर 1972 चा दुष्काळ. गिरणगावात 1982 चा संप: संपाआधी की संपानंतर.

कागदपत्रांचंही तुम्ही विचारलंय. आहेत. वारसाचे फेरफार आहेत. आजोबांच्या मृत्यूनंतर जो झाला असेल त्यात सगळ्या मुलांची नावं असतील. जुने फेरफार राज्य सरकारच्या ‘आपले अभिलेख’वर बऱ्याच तालुक्यांचे बघायला मिळतात. गाव नमुना 14 म्हणजे जुनं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, आणि शाळेचं जनरल रजिस्टर. तुमच्यासारख्या घरांत आणखी एक खजिना असतो: गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज करताना कुणा काकांनी जमवलेली फाइल. हजेरी कार्ड, तिकीट नंबर, फंडाची चिठ्ठी. त्यात वारस म्हणून कुणाचं नाव लावलं होतं ते बघण्यासारखं असतं. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या वाचकांनी गावात येणाऱ्या हेळव्यांना विचारावं, त्यांच्याकडे पिढ्यांच्या वह्या असतात. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांकडेही नामावळ्या मिळतात. आणि ज्यांच्या घरी भटजी महालय करतात त्यांनी पितरांची यादी नीट ऐकावी. तीत आई-आजी-पणजीसोबत सापत्न मातेलाही वेगळी जागा आहे. बाबांनी दरवर्षी तिथे एखादं नाव घेतलं असेल तर तुमचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

पण सातबारा-फेरफार काढायला निघालात की घरात पहिली शंका जमिनीची येते. कोकणात तर येतेच. ‘आत्याला बाजूला काढायला बघते आहे का ही?’ असं कुणाच्या तरी मनात येईल. आजोबांच्या लग्नाच्या मुलांत, आई कोणती यावरून वारसाहक्कात फरक पडत नाही, हे तुम्हाला ठाऊक असलं तरी आत्यांना तो घोर लागायचा तो लागेल. म्हणून कागद आत्यांना सांगून काढा, किंवा काढूच नका.

आता फोटोच वाचायचा तर थोडं जपून. बाळाचा पाय तिनं घट्ट धरलाय तो भीतीनं नसावा. तेव्हाच्या स्टुडिओत उजेड कमी, शटर सावकाश. मूल हललं की फोटो हलायचा, म्हणून फोटोवाला आईला पाय धरून ठेवायला सांगायचा. बाळाचा एक हात पुसट आलाय असं तुम्हीच लिहिलंय, तो त्यामुळेच. हसू नाही म्हणून दुःख होतं असंही नाही. फोटोत कुणी हसायचंच नाही. कोट-टोपीवरून ऐपत ठरवू नका, कोट स्टुडिओतलाही असू शकतो. आणि अ‍ॅपनं लुगडं हिरवं केलं म्हणून ते हिरवं होत नाही. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग नसतोच, यंत्रानं तो मनचा घातला. तो खरोखर कोणता होता हे सांगू शकेल असं कुणी हयात असलंच, तर ते तुमच्याच घरात आहे. त्या व्हिडिओच्या प्रती नातेवाइकांच्या फोनमधूनही काढायला सांगा, आणि तो आजींना कुणीही, कधीही दाखवू नका.

मूळ फोटोची काळजी घ्या; कोकणातला पावसाळा फोटोंचा शत्रू आहे. लॅमिनेशन करू नका. चिकट पानांच्या अल्बममध्ये लावू नका, त्याचा गोंद फोटो खातो. मागे बॉलपेननं लिहू नका. लिहायचंच तर मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. ओल्या फडक्यानं पुसू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकटच त्याचा फोटो घ्या. स्कॅन 600 डीपीआयवर करा, पुढून आणि मागूनही, कारण ‘लालबाग 1953’ हे तीन अंगुळं अक्षर चेहऱ्याइतकंच मोलाचं आहे. ते कुणाचं अक्षर आहे ते आजोबांच्या जुन्या पत्रांशी ताडून बघा. आणि घरातल्या जुन्या तसबिरींच्या चौकटी एकदा मागून उघडून बघा. माझ्या आईच्या आईसारखं तुमच्याकडेही कुणी देवामागे असेल.

वंशवेलीबद्दल एकच आग्रह. तुम्ही पाठवलेल्या कच्च्या आराखड्यात सहा पिढ्यांचे पुरुष आहेत आणि बायकांच्या जागी ‘पत्नी’ एवढंच. गणपतीला सगळ्या काकू-आज्या जमतील तेव्हा प्रत्येकीला माहेरचं नाव, आडनाव, गाव विचारा आणि तिथेच लिहा. या चौकशीनं कुणी दुखावणार नाही, उलट रात्र जागवतील.

आत्यांकडे जाल तेव्हा प्रत जाड पाकिटात घाला आणि पाकीट पिशवीतच राहू द्या. चहा होऊ द्या, इकडचं तिकडचं बोलणं होऊ द्या. त्या स्वतः ‘आणलायस का?’ म्हणाल्या तर त्यांच्या हातात द्या, आणि कप विसळायच्या निमित्तानं थोडा वेळ आत जा.